औषधाआधी तणाचं नाव विचारा



पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले की शहादा-तळोद्याच्या कृषी सेवा केंद्रांवर गर्दी होते. आपण म्हणतो, 'गवत झालंय, औषध द्या.' दुकानदार बाटली काढून देतो. कुठलं गवत, हे तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

मागे तळोदा भागातल्या एका भाऊंच्या कपाशीत गेलो होतो. दोनदा औषध मारूनही तण हिरवंगार. 'साहेब, औषध डुप्लिकेट दिलं,' ते म्हणाले. मी एक काडी उपटून त्यांना बोटांत फिरवायला सांगितली. काडी तीनधारी, पेर एकही नाही, आणि खाली जमिनीत काळ्या गाठी. तो लव्हाळा होता. दिसायला गवत, पण कूळ वेगळं. गवतावरच्या क्विझालोफॉपने तो मरत नाही. औषध खरंच होतं, पैसे मात्र वाया गेले.

हराळी, कुंदा, मारवेल ही खरी गवतं. काडी गोल, पेरं ठळक, पानावर उभ्या शिरा. माठ, घोळ, दुधी, आघाडा ही रुंद पानांची. केना मात्र फसवतो: पान रुंद, पण जात एकदल, आणि गवताचं औषध त्याच्यावर चालत नाही. गाजरगवताच्या तर नावातच खोट आहे. १९५०च्या दशकात पुण्यात दिसलेलं हे झाड सूर्यफुलाच्या कुळातलं आहे.

चुकीची किंमत कधीकधी शेजारी मोजतो. मक्यातल्या रुंद पानांच्या तणावर मारलेलं २,४-डी वाऱ्याने कपाशीवर गेलं, किंवा तोच पंप न धुता कपाशीत वापरला, की कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी चिरतात आणि झाड आखडतं. मग बांधावर भांडण.

ज्वारीतला टारफुला तर वर दिसायच्या आधीच मुळांतून रस ओढत असतो. त्याचं बी बारीक आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकणारं, म्हणून फुलावर यायच्या आत उपटा. त्या शेतात कपाशीची फेरपालट करा. कपाशीच्या मुळांजवळ त्याचं बी उगवतं, पण चिकटायला जागा न मिळून मरतं.

आता थोडं आमच्या खात्याबद्दल. आम्ही तक्ते वाटतो, त्यावर पुस्तकी नावं असतात. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या भिल्ल, पावरा बाया मात्र भाजीला कुठलं पान चालतं आणि गुरं कशाला तोंड लावत नाहीत, हे बघताक्षणी सांगतात. मला वाटतं, प्रत्येक ग्रामपंचायतीत तणांची एक वही असावी. वाळवलेलं रोप, त्याचं गावातलं नाव, कुठल्या पिकात सापडलं ते. खर्च म्हणाल तर वही, डिंक आणि जुनी वर्तमानपत्रं.

येत्या ग्रामसभेला ओळख न पटलेली दोन तणं मुळासकट घेऊन या. फुलावर असतील तर फारच बरं, फुलावरून कूळ लवकर कळतं.