अग्निवीर मुलाला वर्षातून तीस दिवस घर : पालकांनी आधी काय समजून घ्यावं?

सैन्यभरतीची जाहिरात निघाली की मुलं पहाटे मैदानावर धावायला लागतात. घरात चर्चा होते ती 1.6 किलोमीटर किती मिनिटांत पूर्ण झालं, उंची बसते की नाही आणि लेखी परीक्षा कधी, याची. मुलगा निवडला गेला की पेढे वाटले जातात. पण भरती झाल्यावर तो घरी कधी येईल, हा प्रश्न बहुतेक घरांत पहिल्यांदा ईद जवळ आली की विचारला जातो. तोवर उशीर झालेला असतो.

जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनंतर पायदळात शिपाई म्हणून जाणारा प्रत्येक मुलगा आधी अग्निवीर होतो. सेवा चार वर्षांची आणि प्रशिक्षणाचा काळही त्यातच धरलेला. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के मुलांना नियमित सेवेत घेतलं जातं. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी 2023 मध्ये सुरू झालं, म्हणजे 2026 च्या अखेरीपासून या योजनेचा खरा हिशोब घराघरांत लागणार आहे.

प्रशिक्षण : थोड्या वेळात जास्त

पायदळाच्या प्रत्येक रेजिमेंटचं स्वतःचं प्रशिक्षण केंद्र असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, ग्रेनेडियर्सचं जबलपूरला. 1965 च्या युद्धातले परमवीरचक्र विजेते अब्दुल हमीद याच ग्रेनेडियर्सचे. नियमित भरतीच्या काळात जे प्रशिक्षण नऊ महिने किंवा त्याहून जास्त चालायचं, ते आता सहा-सात महिन्यांत उरकतं. त्यामुळे दिवस अगदी भरगच्च असतो. पहाटे पीटी, मग ड्रिल, रायफलची खोल-जोड, फायरिंग, नकाशावाचन, पाठीवर वजन घेऊन पाच किलोमीटर धावणं, दोरावर चढणं आणि नऊ फुटांचा खड्डा ओलांडणं. ठरलेल्या चाचण्या पास झाल्या नाहीत तर मुलाला मागच्या तुकडीत टाकतात. याला तिथे ‘रेलिगेट’ होणं म्हणतात.

या काळात रजेची अपेक्षा धरू नये. मोबाईलही ठरावीक वेळीच हातात मिळतो. दोन-चार दिवस फोन आला नाही म्हणून घाबरून जाऊ नका आणि मुलगा फोनवर रडला तरी ‘परत ये’ असं लगेच म्हणू नका. पहिले सहा आठवडे सगळ्यांनाच जड जातात. सहसा पहिली मोठी सुट्टी पासिंग आऊटनंतर, पलटणीत रुजू होण्याआधी मिळते.

दाढीबद्दलही आधीच स्पष्ट असावं. हवाई दलातल्या एका मुस्लिम जवानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये दाढी न ठेवण्याचा नियम कायम ठेवला. सैन्यात जाणाऱ्याने हे गृहीत धरूनच जावं. दुसरीकडे, सैन्यात धर्मशिक्षक म्हणून मौलवींची रीतसर भरती होते, तुकड्यांमध्ये सर्वधर्मस्थळ असतं आणि कसम परेडला शपथ आपापल्या धर्मग्रंथाच्या साक्षीने घेता येते. नमाजला मज्जाव नाही, मात्र ड्युटी आधी.

रजा : कागदावरचे तीस दिवस

अग्निवीराला वर्षाला 30 दिवसांची रजा आहे. आजारपणाची रजा वेगळी आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. त्याच बराकीत राहणाऱ्या, तीच ड्युटी करणाऱ्या नियमित जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा मिळते. चार वर्षांचा हिशोब केला तर एकाला 360 दिवस आणि दुसऱ्याला 120. या योजनेतला हा सर्वात कमी बोलला गेलेला फरक आहे. पगारातला फरक लोक मोजतात, रजेतला मोजत नाहीत.

हे 30 दिवसही मागितले की मिळतील असं नाही. पलटणीत एका वेळी किती जण बाहेर राहू शकतात, हे अधिकारी ठरवतात. सीमेवर तणाव वाढला की रजा थांबतात, सुटीवरचे जवान परत बोलावले जातात. त्यात पोस्टिंग अरुणाचल किंवा लडाखला असेल, तर गावापर्यंतच्या प्रवासातच बरेच दिवस जातात.

आता आपल्या घरांचं कॅलेंडर पाहा. रमजान ईद आणि बकरी ईद यांच्यात साधारण 70 दिवसांचं अंतर असतं. एका रजेत दोन्ही ईद बसत नाहीत. बहिणीचं लग्न त्याच वर्षी असेल, तर ईद सोडावी लागेल. म्हणून घरातली मोठी कार्यं ठरवताना मुलाला आधी विचारा आणि तारीख त्याच्या रजेनुसार धरा. त्याच्या स्वतःच्या लग्नाची घाई तर अजिबात नको. भरतीच्या वेळी मुलगा अविवाहित असणं बंधनकारक आहे आणि अग्निवीर असेपर्यंत लग्नाला परवानगी नाही.

सर्वात महत्त्वाची गोष्ट रजा संपल्यानंतरची. ‘आणखी दोन दिवस थांब, पाहुणे यायचेत’ असं आपण प्रेमाने म्हणतो. पण रजेपेक्षा जास्त राहणं हा लष्कर कायदा 1950 च्या कलम 39 खाली गुन्हा आहे. ज्या मुलाला चार वर्षांनंतर त्या 25 टक्क्यांत यायचंय, त्याच्या नोंदीवर असा डाग परवडणारा नाही. घरात मयत झाली किंवा कुणी गंभीर आजारी असेल, तर मुलाने रजा संपण्याआधीच पलटणीला कळवून मुदतवाढ मागावी. तो स्वतः आजारी पडला, तर जवळच्या लष्करी रुग्णालयात जाऊन नोंद करावी. खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर विसंबून राहू नये.

मग जाऊ द्यावं की नाही?

आकडे समोर ठेवूनच ठरवावं. पहिल्या वर्षी हातात महिन्याला 21,000 रुपये येतात, चौथ्या वर्षी 28,000. सेवा निधी म्हणून शेवटी सुमारे 11.71 लाख रुपये एकरकमी मिळतात. निवृत्तिवेतन किंवा ग्रॅच्युइटी नाही. मुलाने मध्येच नोकरी सोडायची म्हटली तर अपवादात्मक कारणाशिवाय सोडता येत नाही आणि सोडलीच तर सेवा निधीतला सरकारचा वाटा मिळत नाही. जोखीमही खरी आहे. बुलढाणा जिल्ह्यातला अग्निवीर अक्षय गवते ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनवर कर्तव्यावर असताना गेला. अशा वेळी कुटुंबाला 48 लाखांचा विमा आणि सेवेमुळे मृत्यू आला असल्यास 44 लाखांचं सानुग्रह अनुदान मिळतं, पण नियमित जवानाच्या घराला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही.

दुसऱ्या बाजूला, केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी जागा राखीव आहेत आणि दहावी झालेल्या मुलाला सेवेतच बारावीचं प्रमाणपत्र मिळवायची सोय आहे. बावीस-तेवीसाव्या वर्षी शिस्त, हातात रक्कम आणि पुढचा रस्ता घेऊन परतणारा मुलगा ही लहान गोष्ट नाही.

मुलगा फॉर्म भरायला बसला की अब्बा-अम्मींनीही त्याच्या शेजारी बसावं. चार वर्षांत 120 दिवस, तेही मिळाले तर, हा आकडा त्याला आणि स्वतःला मोठ्याने वाचून दाखवावा. त्यानंतर जो निर्णय होईल तो घरातल्या सगळ्यांचा असेल, आणि ईदच्या दिवशी एक ताट रिकामं राहिलं तरी त्याचं कारण सगळ्यांना आधीपासून माहीत असेल.