कच्चें मडकें

मुंबई, पुणें, पणजी अशा शहरांतून अलीकडे एक नवा प्रघात पडूं लागला आहे. ठराविक शुल्क भरावें, दोन तास एका सजविलेल्या खोलींत बसावें आणि तेथील शिक्षकाच्या देखरेखीखालीं आपल्या हातांनीं एखादी वस्तु करावी: मातीचा पेला, रंगविलेली फरशी किंवा विणलेला लहानसा पट्टा. या जागांस लोक ‘स्टुडिओ’ म्हणतात. तेथें वाढदिवस साजरे होतात, कचेऱ्यांतील मंडळी गटागटानें जातात, आणि शाळाही आपल्या विद्यार्थ्यांची सहल तेथें नेऊं लागल्या आहेत. ही श्रीमंतांची करमणूक आहे, असें म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यापैकीं नाहीं. दिवसभर कळफलकावर बोटें आपटणाऱ्या माणसास दोन तास ओल्या मातीचा गारवा लाभला तर त्यांत वाईट काय आहे? शिवाय कलाशिक्षण घेतलेल्या तरुणांस त्यांतून चार पैसे मिळतात. तरी आमचें एक गाऱ्हाणें आहे, आणि तें असें कीं, तेथें कोणाचें कांहींच बिघडत नाहीं.

कुंभारकामाचेंच उदाहरण घेऊं. चाकावर मातीचा गोळा बरोबर मध्यावर बसविणें ही या विद्येची पहिली पायरी. ती चढावयास नवशिक्यास दोन तास नव्हे, कित्येक आठवडे लागतात. गोळा केसभर जरी एका बाजूस राहिला तरी भिंत वर उचलतांना हेलकावे खाऊं लागते आणि सबंध भांडें कोलमडतें. पाहुण्याच्या बाबतींत असें होऊं देणें धंद्यास परवडत नाहीं. म्हणून माती आधींच मळून, तिच्यांतील हवा काढून ठेवलेली असते. गोळा मध्यावर शिक्षकच आणून देतो. भिंत डगमगली कीं त्याचे हात हळूच पाहुण्याच्या हातांवर येतात. दोऱ्यानें कापून पेला उचलतो तोही तोच. पुढें तो पेला सावलींत सावकाश सुकवावा लागतो, कारण आंत ओल राहिली तर भट्टींत तिची वाफ होऊन भांडें फुटतें. मग भाजणें, चकाकीचा थर देणें, पुन्हां भाजणें हें सारें पाहुणा घरीं गेल्यावर होतें. कांहीं दिवसांनीं सुबक पेला त्याच्या हातीं पडतो आणि ‘हा मी केला’ असें तो म्हणतो. त्यास खोटें कोण म्हणेल? पण त्यांत त्याचें किती, हें त्याचें त्यालाच ठाऊक नसतें.

आपल्या खेड्यांतील कुंभाराचें मडकें तर चाकावर अर्धेंच होतें. जाड बुडाचें ओलें भांडें थोडें सुकलें कीं आंत गोल दगड धरून बाहेरून लाकडी थापटण्यानें ठोकून ठोकून तो तें वाढवितो. पाणी गार ठेवणारी ती पातळ भिंत अशी घडते. यानंतर आवा रचावयाचा आणि पेटवावयाचा. मध्येंच पावसाची सर आली किंवा वारा फिरला, तर कित्येक दिवसांच्या मेहनतीचीं खापरें होतात. तेरचे गोरोबाकाका याच थापटण्यानें संतांचीं डोकीं ठोकून पाहते झाले आणि त्यांनीं नामदेवांस कच्चें मडकें ठरविलें, ही कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? आणि ज्यांनीं यिर्मयाच्या ग्रंथाचा अठरावा अध्याय वाचला असेल, त्यांस संदेष्ट्यानें कुंभाराच्या घरीं काय पाहिलें हें आठवेल. चाकावरचें भांडें कुंभाराच्या हातींच बिघडलें आणि त्याच मातीचें त्यानें दुसरें घडविलें. या दोन्ही कथांत बिघडण्यास जागा आहे. नामदेवांस राग आला, पण पुढें त्यांनीं गुरूही केला. पैसे भरून गेलेल्या पाहुण्यास ‘तूं कच्चा आहेस’ असें सांगण्याचें धाडस कोणता स्टुडिओ करील?

‘करायला गेलों गणपति आणि झाला मारुति’ ही म्हण ज्यांनीं प्रथम उच्चारली, त्यांनीं शाडूच्या मातीशीं नक्कीच झटापट केली असली पाहिजे. गळून पडणाऱ्या सोंडेनें जें शिकविलें असेल, तें सांच्यांतून निघालेल्या मूर्तीनें शिकविलें नसतें. ज्यानें आपले दहा पेले कोसळतांना पाहिले आहेत, तो दिवाळींत पणत्यांच्या टोपलीशेजारीं बसलेल्या बाईशीं भावासाठीं घासाघीस करतांना निदान अडखळेल. उलट, दोन तासांत पेला ‘करून’ आलेल्यास असें वाटूं लागतें कीं हें काम सोपें आहे, मग धारावीच्या कुंभारवाड्यांत याचे एवढे पैसे कां मागतात? हा परिणाम आम्हांस सर्वांत अधिक खटकतो.

प्रौढ माणसानें आपल्या पैशानें काय करावें हा त्याचा प्रश्न आहे. शाळेची गोष्ट वेगळी. १८६६ सालीं फिनलंडनें उनो सिग्नेउस यांच्या प्रेरणेनें लोकशाळांतून हस्तव्यवसाय आवश्यक केला, आणि तेथें तो आजही शिकविला जातो. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाभोंवतीं सारें शिक्षण गुंफण्याची योजना मांडली. तिच्यावर टीकाही झाली, आणि मुलांच्या कामावर शाळेचा खर्च भागवावा हा तिचा भाग आम्हांसही पटत नाहीं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानें कार्यानुभवाची शिफारस केली. त्या कार्यानुभवाचें पुढें काय झालें, हें प्रत्येक घरास ठाऊक आहे: आदल्या रात्रीं आईनें कापलेला पुठ्ठा, किंवा दुकानांतून तयार आणलेली शोभेची वस्तु, आणि तिच्यावर मिळालेले गुण. आतां वर्षांतून एकदां स्टुडिओची सहल काढली कीं तेवढेंही करावयास नको, असा समज पसरतो आहे. छायाचित्रें सुंदर येतात, पालक संतुष्ट होतात, आणि अहवालांत एक ओळ वाढते.

आमचें मागणें फार मोठें नाहीं. पांचवी ते आठवीपर्यंत आठवड्यास एकदां, सबंध वर्षभर, एकच हस्तव्यवसाय असावा. वर्षास चार विषयांची चव नको. तो शिकविण्यास गांवांतील कुंभार, सुतार किंवा विणकर यांस बोलवावें, त्यांस शिक्षकाचा पगार द्यावा आणि शिक्षकांच्या खोलींत खुर्चीही द्यावी. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षां कठीण जाईल, असा आमचा अंदाज आहे. गुण देऊं नयेत. दिलेच तर वस्तूस न देतां हजेरीस द्यावे. जागेची अडचण सांगण्यांत येईल, पण कुंभारकामास एक पडवी, दोन चाकें आणि पाण्याचा नळ एवढें पुरतें. भट्टी शाळेनें बांधण्याचीही घाई नाहीं, कारण पहिल्या सहामाहींत भाजण्याजोगें कांहीं निघण्याचा संभव थोडाच आहे. न भाजलेली माती वायां जात नाहीं. पाण्यांत टाकली कीं पुन्हां चिखल होते. मोडलेलें सारें भिजत घालावयास एक मोठें पिंप मात्र पहिल्या दिवसापासून लागेल.