शाळेची निवड कोणाची?

विश्रांतवाडीतील श्रमिक पालकापुढे प्रश्न उभा आहे : दोन खासगी माध्यमिक शाळांपैकी मुलाला कोणत्या शाळेत घालावे? एकीची इमारत भव्य, दुसरीचे शुल्क कमी. परंतु जिचा निकाल उत्पन्नाने आधीच लावलेला असतो, तिला निवड म्हणणे ही आत्मवंचना होय.

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात समान शाळापद्धतीची व शेजारशाळेची शिफारस केली. ती कागदावरच राहिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दुर्बल घटकांना खासगी शाळांत पहिलीच्या प्रवेशात २५ टक्के जागा दिल्या. मात्र हे मोफत शिक्षण आठवीला संपते, आणि नववीपासून शुल्काचा सारा भार पालकावर पडतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास, खासगी शाळांना या जबाबदारीतून मुक्त केले. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला.

कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. २०११ च्या शुल्कनियमन कायद्याप्रमाणे शुल्काला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते. पालकांना संघटित करून ती समिती जागी करावी. त्याचबरोबर महापालिकेकडे दर्जेदार, मोफत माध्यमिक शाळेची मागणी लावून धरावी. अशी शाळा दाराशी असेल, तेव्हाच पालकाची निवड खरी ठरेल.