तवेर्याचे काळ्या दगडाचे हॉटेल

सुक्कोथच्या सुट्टीत आम्ही घरची माणसे तवेर्याला जाऊन आलो. नकाशावर तायबेरियस लिहितात ते गाव. रब्बी मेयर बाल हनेस यांच्या कबरीवर मेणबत्ती लावायची, रांबामच्या कबरीवर जायचे आणि उन्हे उतरली की किन्नेरेतच्या काठी बसायचे, एवढाच बेत. रांबाम स्वतः वैद्य. शिवाय त्यांच्या आठशे वर्षांपूर्वीच्या एका पत्रात, हिंदुस्थानातल्या यहुद्यांना शब्बाथ आणि सुंतेपलीकडे तोराह ठाऊक नाही, असा उल्लेख आहे. तो आपल्याबद्दलच, असे आपली जुनी माणसे सांगत. थोडा राग येतो, पण दखल तरी घेतली म्हणून आम्ही दरवेळी डोके टेकवून येतो.

तळ्याकडे उतरताना वाटेत स्कॉट्स हॉटेल लागते. फाटकातून काळ्या दगडाच्या भिंती, कमानी आणि झाडे दिसली तशा आमच्या वन्सं थांबल्या. म्हणाल्या, "अगं, हा तर आपल्या अलिबागचा दगड!" त्यांचे चुकले नाही. कुलाबा किल्ल्याला जो काळा पाषाण आहे, तोच गालीलात आहे. दोन्हीकडे फार प्राचीन काळी ज्वालामुखीचा रस थिजून तो झाला. तवेर्याचे जुने गाव सगळे याच दगडाचे होते. अठराव्या शतकात दाहिर अल-उमरने तट बांधला तोही याचाच. १८३७ च्या भूकंपात तट बराच पडला, आणि १९४८ मध्ये गावातली अरब वस्ती निघून गेल्यावर जुन्या गावाचा मोठा भाग पाडून टाकला. म्हणून आज सिमेंटच्या इमारतींत ही काळी वास्तू एकदम डोळ्यांत भरते.

पण हे हॉटेल म्हणून बांधलेलेच नव्हते. ते इस्पितळ होते.

डेव्हिड वॅट टॉरन्स नावाचा तरुण स्कॉटिश डॉक्टर आला आणि १८८५ मध्ये त्याने गावात लहानशा जागेत दवाखाना सुरू केला. हे गाव समुद्रसपाटीच्या दोनशे मीटर खाली. उन्हाळा भट्टीसारखा, डास, मलेरिया, मधूनमधून पटकी. १८९४ मध्ये या काळ्या दगडाच्या इमारतीत इस्पितळ आले. यहुदी, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्यांना दार उघडे. डॉक्टरने आपली बायको आणि लहान मुलेही याच गावात पुरली, तरी तो गेला नाही. १९२३ मध्ये त्याच्यामागे मुलगा हर्बर्ट याने कारभार हाती घेतला. इस्राएल राज्य झाल्यावर ते प्रसूतिगृह झाले, आणि १९५९ मध्ये बंद पडले. पुढे चाळीस वर्षे ती साधी धर्मशाळेसारखी उतरण्याची जागा होती. १९९९ मध्ये तीही बंद करून मोठी डागडुजी केली आणि २००४ मध्ये आजचे महागडे हॉटेल उघडले.

आम्ही आयुष्यभर बाळंतिणींच्या खाटांशी उभ्या राहिलेल्या बायका. आमची नजर कमानीवरून आधी खिडकीकडे जाते. वारा कुठून येतो, खाट कुठे असेल, गरम पाणी कुठून आणत असतील. वीज बेभरवशाची, हवा अशी, आणि रात्रपाळीला एखादी सिस्टर कंदील घेऊन एका खाटेवरून दुसरीकडे. डॉक्टरांची नावे इतिहासात राहिली. सिस्टर, दाया, कपडे धुणाऱ्या बायका यांची नावे कोण सांगतो? पाहुणे तळ्याकडे पाहत कॉफी पितात, फोटो काढतात. त्यांना दोष नाही. पण या खोल्यांत किती बायकांनी पहिला टाहो ऐकला असेल, हे कोणी विचारत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

आता आपल्यापैकी काही जण म्हणतील, मिशनऱ्यांचे एवढे कौतुक कशाला? ते औषध देता देता धर्म बदलायला आले होते. खरे आहे. तवेर्याच्या रब्बींनीही लोकांना तिथे जाऊ नका म्हणून बजावले होते. लोक गेलेच, कारण मूल तापाने फणफणले की आई फतवा वाचत बसत नाही. आणि धर्म बदलणारे फारच थोडे निघाले.

आपली गोष्ट वेगळी आहे का? स्कॉटलंडचेच जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला आले. १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. त्यांच्या आणि अमेरिकन मिशनच्या शाळांत आपली मुले बसली. आपण अक्षरे घेतली, हिब्रू घेतली, आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायला घरी आलो. विल्सन ज्या फ्री चर्चमध्ये पुढे गेले, त्याच चर्चने टॉरन्सला तवेर्याला पाठवले होते. तेव्हा हे इस्पितळ आपल्याला अगदीच परके नाही. घेतलेल्या मदतीची नोंद ठेवली म्हणून कोणी बाटत नाही.

डागडुजीचा खर्च एक कोटी पौंडांच्या घरात गेला, आणि गरिबांच्या इस्पितळाचे श्रीमंती हॉटेल का, म्हणून खुद्द त्यांच्या चर्चमध्ये बरेच वाद झाले. आम्हालाही ते खटकते. तरी आमचे मत असे, की पाडून टाकण्यापेक्षा हॉटेल बरे. रिकामी इमारत कोकणच्या पावसात आणि गालीलच्या उन्हात सारखीच मरते. माणसे येतात, दारे उघडतात, गळती कळते. फक्त त्यांनी एक खोली खाट, पाळणा आणि जुन्या नोंदवहीसाठी राखावी, असे आम्हाला वाटते.

हे आम्ही त्यांना सांगतो खरे, पण आपण काय केले? अलिबागच्या इस्रायल आळीतली, रेवदंड्याची, पेणची किती घरे आपण विकली? विकावी लागली, त्यात लाज नाही. सिनेगॉग टिकले, पण घरे गेली, आणि जाताना कुणी साधा फोटोही काढला नाही. कुठल्या खोलीत आजीची बाळंतपणे झाली, तेलाचा घाणा कुठे होता, मलिद्याचे ताट कोणत्या ओसरीवर मांडत, हे सांगणारी माणसे आता नव्वदीत आहेत. आमच्या वन्संना त्यांच्या माहेरच्या घराची माजघरापर्यंतची वाट आठवते. पुढचे आठवत नाही. आम्ही तेवढेच कागदावर काढून ठेवले आहे, चुकतमाकत.

अजून कुणाचे घर विकायचे चालले असेल, तर किल्ली देण्याआधी एक दिवस काढा. प्रत्येक खोलीचा फोटो घ्या आणि मागे लिहा, इथे कोण जन्मले, इथे कोण गेले. आणि १९५९ पूर्वी तवेर्याच्या त्या इस्पितळात तुमच्या घरातले कुणी जन्मले असेल, किंवा आपली एखादी मुलगी तिथे सिस्टर असेल, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी जाऊ तेव्हा त्या हॉटेलवाल्यांना दाखवायला आमच्या हातात निदान एक नाव असेल.