किराणा दुकानात तापाची गोळी ठेवायची का?



मागच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, आमच्या गावात मेडिकल नाही. लोक रात्री दार वाजवून तापाची गोळी मागतात. दुकानात एक डबा ठेवला तर काय बिघडलं?" व्हिडिओत थोडक्यात उत्तर दिलं होतं, इथे सविस्तर सांगतो.

आधी माझीच चूक. दुकान नवीन होतं तेव्हा मीही गल्ल्याशेजारी बरणीत पॅरासिटामॉलच्या पट्ट्या ठेवायचो. कात्रीने दोन-दोन गोळ्या कापून द्यायचो. एकदा एका काकांनी तुकडा उलटसुलट करून विचारलं, "याची तारीख कुठंय रे?" तारीख छापलेला भाग मी आधीच दुसऱ्या कुणाला कापून दिला होता. एक्स्पायरी गेली, बॅच नंबर गेला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच दिवशी बरणी उचलली.

बरेच दुकानदार इथेच फसतात. गोळीला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, म्हणजे ती विकायला परवाना लागत नाही, असं त्यांना वाटतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात, विनापरवाना औषध विक्रीला कलम 27 खाली किमान 3 वर्षं कैद आणि किमान 1 लाख रुपये दंड आहे. एका पट्टीमागे मला दोन-तीन रुपये सुटायचे. हिशोब तुम्हीच करा.

पण सरळ मार्गही आहेत:

1. औषध नियम, 1945 च्या अनुसूची 'के' मध्ये घरगुती औषधांना सूट आहे. पॅरासिटामॉल, अ‍ॅसिडिटीची औषधं, बाम, भाजल्यावरचं मलम, बँडेज वगैरे. अट मोठी आहे: गावाची लोकसंख्या 1000 च्या आत हवी. माल परवानाधारक होलसेलरकडून किंवा कंपनीकडूनच घ्यायचा आणि न फोडलेल्या मूळ पॅकिंगमध्येच विकायचा. म्हणजे कात्री बंद!

2. गाव मोठं असेल तर फॉर्म 20 ए चा मर्यादित परवाना असतो. फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय विकता येतील अशाच औषधांसाठी तो आहे. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन चौकशी करा.

3. आयुर्वेदिक औषधांना या कायद्याखाली विक्री परवाना लागत नाही. विक्स व्हेपोरब किराण्यात दिसतं ते यामुळेच, लेबल वाचून बघा. पण दिसायला तसाच प्रत्येक बाम आयुर्वेदिक असेलच असं नाही.

आता माझं मत. 1000 लोकसंख्येची अट आज अपुरी आहे. अडीच-तीन हजारांच्या गावातही मेडिकल नसेल, तर रात्री ताप आलेल्या माणसाने जायचं कुठे? पण म्हणून सगळं मोकळं सोडा, असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये साध्या दुकानातही पॅरासिटामॉल मिळतं, पण 1998 पासून तिथे एका पॅकमध्ये 16 च गोळ्या असतात. कारण जास्त पॅरासिटामॉलने लिव्हर खराब होतं. आपल्याकडे तर सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच औषध असतं. गिऱ्हाईक दोन्ही घेतं आणि डोस दुप्पट होतो, हे त्याला कळतही नाही.

म्हणून मला वाटतं, सरकारने गावाची मर्यादा वाढवावी, पण यादी छोटी ठेवावी, पॅक छोटे ठेवावेत आणि दुकानदाराला एक दिवसाचं प्रशिक्षण सक्तीचं करावं. ते होईपर्यंत ताईंना माझा सल्ला एकच: परवाना काढा, नाहीतर डबा ठेवू नका. आणि परवाना असला तरी कुणी "कोणती गोळी घेऊ?" विचारलं तर डॉक्टर बनू नका. लहान मूल, गरोदर बाई किंवा दोन दिवसांत न उतरलेला ताप असेल, तर थेट दवाखान्याचा रस्ता दाखवा.

गिऱ्हाईक आपल्यावर विश्वास ठेवून गोळी तोंडात टाकतं. साबण खराब निघाला तर बदलून देता येतो. गोळी बदलून देता येत नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण कागद पक्के ठेवून!