देवळालीचा ताप, विलायतेची चड्डी

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. विलायतेतील मराठी माणसासही त्याचा आनंद झाला आणि तो रास्तच होता. परंतु अभिजातपणाचा निवाडा जुन्या ग्रंथांवरून व शिलालेखांवरून होतो. भाषा जिवंत असल्याचा आणखीही एक पुरावा असतो. परक्यांच्या तोंडी, त्यांच्या रोजच्या हलक्याफुलक्या बोलीत, आपले कोणते शब्द जाऊन बसले, हा तो पुरावा. ब्रिटनमध्ये तो भरपूर सापडतो. मात्र तो तपासू लागले की अभिमानाबरोबर काही प्रश्नही उभे राहतात.

एखाद्याचे डोके ठिकाणावर नसले की इंग्रज म्हणतो, हा 'डूलॅली' झाला. हे डूलॅली म्हणजे आपले नाशिकजवळचे देवळाली! तेथे ब्रिटिश लष्कराची मोठी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्यासाठी तेथे येत. पण त्यांना नेणारी जहाजे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. हंगाम उलटल्यावर ज्याची मुदत भरे, त्यास पुढील जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने बसून राहावे लागे. हाताला काम नाही, वर रणरणते ऊन आणि सोबतीला दारू. कित्येकांची डोकी फिरत. या विकारास शिपाई 'डूलॅली टॅप' म्हणत. यातला 'टॅप' म्हणजे ताप. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत याविषयी लिहिले आहे. पुढे ताप उतरला, गावाचे नाव तेवढे इंग्रजीत राहिले. आज देवळालीत भारतीय सैन्याचे तोफखाना विद्यालय आहे.

असे शब्द पंडितांनी नेले नाहीत. ते शिपायांनी, खलाशांनी आणि व्यापाऱ्यांनी नेले. 'विलायती'चे 'ब्लायटी' झाले. पहिल्या महायुद्धात तर मायदेशी धाडण्याइतपत गंभीर जखमेलाच शिपाई 'ब्लायटी' म्हणू लागले. 'देखो'चा 'डेको' झाला. अमेरिकन लोक बड्या असामीस 'बिग चीज' म्हणतात. यातले चीज दुधाचे नसून आपण वस्तूला म्हणतो ते 'चीज', असे कोशकारांचे मत आहे. मुंबईतल्या डोंगरीवरून नाव पडलेले जाडेभरडे कापड 'डंगरी' झाले आणि अमेरिकेच्या नौसैनिकांच्याही अंगावर चढले. 'मंगूस' हा शब्द तर सरळ मराठी मुंगसापासून आला, असे इंग्रजी कोशच सांगतात. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली असल्या शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा जाडजूड कोश काढला. त्या कोशाचे नावही असेच आहे. मोहरममधील 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांनी तसा ऐकला!

येथवर गंमत झाली. पण शब्द घेणारा कोण आणि देणारा कोण, हेही पाहिले पाहिजे. 'कुली' या शब्दाची दोन मुळे सांगतात: एक तमिळमधील मजुरी या अर्थाचा शब्द आणि दुसरे, पश्चिम किनाऱ्यावरील कोळी. मूळ कोणतेही असो, साम्राज्यात त्याची शिवी झाली. दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टर गांधींनाही 'कुली बॅरिस्टर' म्हणत. पुढे १९६० व ७० च्या दशकांत ब्रिटनमध्ये पाकिस्तानच्या नावाचा तुकडा तोडून त्याची शिवी करण्यात आली. ती ज्याच्या अंगावर फेकली जाई तो लाहोरचा, सुरतेचा की साताऱ्याचा, याची चौकशी कोणी करीत नसे. त्याच काळात, १९७४ ते १९८१ या वर्षांत, बीबीसीवर 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका चालली. तिचे कथानक सुरू होते ते देवळालीतच. तिच्यातील मुख्य हिंदी नोकराची भूमिका मात्र तोंडाला रंग लावून मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने केली. गाव आपले, हसणारे दुसरेच!

हे चित्र पालटले ते येथेच वाढलेल्या मुलांनी. १९९८ साली बीबीसी दूरदर्शनवर आलेल्या 'गुडनेस ग्रेशस मी' या कार्यक्रमात आशियाई कलावंतांनी स्वतःवर आणि इंग्रजांवरही विनोद केले. त्यातून 'चड्डीज' हा शब्द घरोघर पोचला आणि मार्च २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशात दाखल झाला. देवळाली इंग्रजीत गेली ती राज्यकर्त्यांच्या सामानाबरोबर. चड्डी गेली ती स्थलांतरितांच्या मुलांच्या तोंडून. दोहोंत हा मोठा फरक आहे.

आता आपल्यापुरता प्रश्न. वर आलेले खास मराठी मुलखाचे शब्द, म्हणजे देवळाली, डोंगरी आणि मुंगूस, सगळे साम्राज्याच्या काळात गेलेले आहेत. चड्डी मराठीतही आहे. पण तिला इंग्रजीत नेण्याचे श्रेय मुख्यतः पंजाबी व हिंदी बोलणाऱ्या घरांकडे जाते. आपली संख्या कमी, हे कारण खरे आहे. पण ते एकमेव नाही. पंजाबी माणूस साउथॉलच्या रस्त्यात, दुकानात, बसमध्ये मोकळेपणी पंजाबी बोलतो. आपण दारातून बाहेर पडताच मराठी खुंटीला टांगतो आणि गणेशोत्सवाला पुन्हा अंगावर घालतो. मग मुलांनीही तिला सणाचा पोशाख समजावे, यात नवल ते काय?

अभिजात दर्जामुळे संशोधनास उत्तेजन मिळेल. ते हवेच. पण या देशात मराठी टिकेल की नाही, हे दिल्लीत ठरणार नाही. मुलगा शाळेतल्या मित्राला डब्यातला पदार्थ 'इंडियन पॅनकेक' म्हणून दाखवितो की 'थालीपीठ' म्हणून, यावर ते ठरेल. आणि तोच मुलगा उद्या कोणास 'डूलॅली' म्हणाला, तर त्यास देवळाली नकाशावर दाखवावी. जहाजाची वाट पाहून वेडे झालेल्या त्या शिपायांची हकीकतही सांगावी. म्हणजे ज्या शब्दाला आपण हसतो त्यात कोणाचे तरी दुःख असते, हेही त्यास कळेल.