विदूषक उपजत नसतो

हौशी नाट्यसंस्थांतील भूमिकावाटप ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढील प्रसंग ओळखीचा वाटेल. नायकासाठी तीन-तीन वाचने होतात, नायिकेच्या उच्चारांवर खल होतो; आणि विनोदी पात्राची पाळी आली की एखाद्या स्थूल गृहस्थाकडे बोट दाखवून दिग्दर्शक म्हणतात, "हे तुम्ही करा. तुम्हाला काही करावेच लागणार नाही." आमच्या सीमाभागात एकदा ते बोट माझ्याकडेच वळले होते. पहिल्या प्रवेशात प्रेक्षक माझ्या पोटाला हसले, दुसऱ्यात गप्प बसले, तिसऱ्यात खोकू लागले. 'विनोदी नट जन्मावाच लागतो' या समजुतीशी माझे भांडण तेव्हापासूनचे आहे.

भरतमुनींनी ही समजूत मानली नसती. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नायकाच्या रक्षणासाठी इंद्र, नायिकेसाठी सरस्वती आणि विदूषकासाठी साक्षात ओंकार नेमला आहे. पुढे विदूषकाला बुटके, कुबडे, दंतुर रूप दिले आहे, हे खरे; परंतु हास्य अंग, वाणी आणि नेपथ्य अशा तीन वाटांनी येते, असेही त्याच ग्रंथात सांगितले आहे. रूप हे केवळ भांडवल. व्यापार शिकावाच लागतो. केरळच्या कूडियाट्टमात नायकाच्या संस्कृत श्लोकांची मलयाळम विडंबने करणारा विदूषक एकट्याने रात्रीमागून रात्री रंगमंच सांभाळतो. ही विद्या चाक्यार घराण्यांत लहानपणापासून दिली जाई. १९६५ पासून केरळ कलामंडलमध्ये कूडियाट्टमाचे रीतसर वर्ग सुरू झाले.

यावर कोणी विचारील, "आमच्या सोंगाड्याला कोणत्या शाळेने शिकवले?" उत्तर सोपे आहे: फडाने. गवळणीतला पेंद्या, मावशी, बतावणीतली सवाल-जबाबांची चकमक, वगातला राजालाही टोकणारा शहाणा मूर्ख, हे सारे तो वडीलधाऱ्यांच्या मागे उभा राहून शिकला. 'गाढवाचं लग्न'मधला दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार किंवा कवलापूरच्या काळू-बाळूंची जोडी उत्स्फूर्त वाटे. ती उत्स्फूर्तता गावोगावच्या प्रेक्षकांसमोर घासून निघालेली होती. आज फड विरळ झाले आहेत. शाळा बंद पडत असताना विद्या उपजत असल्याचे सांगणे, ही आपल्या आळसाची सोय आहे.

मग शिकायचे ते काय? पॅरिसमध्ये १९५६ साली नाट्यशाळा काढणाऱ्या झाक लकॉक यांचा एक अनुभव येथे उपयोगी पडेल. त्यांनी विद्यार्थ्यांना एकच काम दिले: आम्हाला हसवा. एकेकाने कोलांट्या मारल्या, कोट्या केल्या, कोणी हसेना. हताश होऊन ते जागेवर परतू लागले, तेव्हा मात्र हशा पिकला. लकॉक यांनी त्यातून विदूषकाच्या शिक्षणाचा पाया घेतला: स्वतःची फजिती न लपवता ती प्रेक्षकांसमोर मांडण्याचे धैर्य. हे धैर्य सरावाने येते. थांबावे कधी, प्रेक्षकाचा श्वास ऐकावा कसा, पडल्यावर किती वेळ पडून राहावे, हेही सरावानेच येते. लाल नाक उसने आणा, असे मी म्हणत नाही. अभ्यास घ्या, एवढेच म्हणतो.

कारण न शिकलेला विनोदी नट स्वतःवर हसू ओढवून घेऊ शकत नाही. तो दुसऱ्याचे व्यंग पकडतो. तोतरेपणा, काळा रंग, लुगडे नेसलेला पुरुष आणि सर्वांत सोपी म्हणजे बोली. बेळगावची कानडी वळणाची मराठी, इंदूरची हिंदी वळणाची मराठी हसण्यासाठी रंगमंचावर आणली जाते. आणि दुःख हे, की आपल्याच संस्था ती आणतात. आपल्या आजीच्या बोलण्यावर पोराला हसायला शिकवणारा विनोद निरुपद्रवी कसा म्हणावा?

बृहन्महाराष्ट्रातील मंडळे वाचिक अभिनय, प्रकाशयोजना, रंगभूषा यांची शिबिरे भरवतात. त्यांत विदूषकासाठी चार दिवस राखून ठेवावेत. तमाशातील एखाद्या जाणत्या सोंगाड्याला गुरू म्हणून मानाने बोलवावे आणि मानधन द्यावे. आणि पुढच्या भूमिकावाटपात कोपऱ्यातल्या स्थूल गृहस्थाकडे बोट दाखवण्यापूर्वी त्यांना एवढेच विचारावे: शिकायची तयारी आहे का?